घरच्या घरी अकूस्टिक गिटार दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तडा, उखडलेला ब्रिज (पुढच्या फळीवरची तारा धरणारी लाकडी पट्टी), तुटलेलं डोकं (खुंट्यांचा भाग), करकरणारी तार. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं स्टीलच्या तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारला धरून आहेत. नायलॉनच्या तारांची गोष्ट वेगळी आहे तिथे तसं लिहिलं आहे. घरी काय करावं आणि काय नाही, हे ठरवताना एकच कसोटी लावली आहे: उद्या एखाद्या जाणकाराला आपलं काम उघडून पुन्हा नीट करता येईल का? येत नसेल तर त्या कामाला हात लावायचा नाही.

१. गिटार आत्ताच पडली. सगळ्यात आधी काय करू?

तारा सैल करा. बारा नंबरच्या सेटमधल्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) सहा तारा मिळून गिटारवर सत्तर किलोच्या वर ताण देतात, दहा नंबरच्या सेटमध्येही तो साठच्या आसपास असतो. तडा गेलेल्या लाकडाला हा ताण क्षणाक्षणाला फाडत असतो. तारा कापू नका, खुंट्या फिरवून सगळ्या थोड्या थोड्या सोडा.

मग जमिनीवर पडलेले कपचे गोळा करा. नखाएवढा तुकडासुद्धा डबीत ठेवा, जोडताना तोच नेमका जागेवर बसतो. तुटलेला भाग हलवून ‘किती तुटलंय’ हे बघत बसू नका. दर वेळी कडेचे रेषे चुरगाळतात आणि सांधा नीट बसेनासा होतो. आणि त्याच रात्री गोंद लावायची घाई करू नका. पाच मिनिटांत केलेली दुरुस्ती उकलायला नंतर अख्खी दुपार जाते.

२. कोणती कामं घरी होतात आणि कोणती होत नाहीत?

घरी होण्यासारखी: पुढच्या-मागच्या फळीवरचा लहान तडा, आतली सुटलेली पट्टी, उचललेला ब्रिज, लांब रेषांतून तुटलेलं डोकं, ॲक्शन (तारांची फ्रेटांपासूनची उंची) कमी करणं, नटची (डोक्याजवळच्या, तारा ज्यातून जातात त्या खाचांच्या पट्टीची) खाच, खुंट्या, साफसफाई. न होण्यासारखी: नेकचा (मानेचा) कोन बदलणं, सगळे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या कडा) बदलणं, बाजूच्या फळीला पडलेलं मोठं भगदाड, आणि ज्या गिटारची किंमत ऐकून घरच्यांना घाम फुटतो तिचं कोणतंही चिकटकाम. आठ-दहा हजारांच्या आतल्या गिटारवर मात्र हात बसवायला हरकत नाही. शिकायचं तर तिच्यावरच.

३. माझी गिटार प्लायवूडची आहे की सलग लाकडाची, हे कसं ओळखायचं?

साउंडहोलच्या (पुढच्या फळीवरच्या गोल भोकाच्या) कडेकडे तिरपं बघा. वरच्या फळीचे रेषे कडेवरून खालपर्यंत सरळ उतरत असतील तर लाकूड सलग. मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला, सँडविचसारखा, तर प्लाय. हे माहीत असणं गरजेचं आहे. सलग लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं आणि रेषांच्या दिशेने सरळ फाटतं. प्लाय सहसा फाटत नाही. मार लागला की चेंगरतो आणि त्याचे थर सुटतात. पुढची बरीच उत्तरं या फरकावर अवलंबून आहेत.

४. फेविक्विक, फेविकॉल की अराल्डाइट?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

फेविक्विक क्षणात धरतं, म्हणूनच लाकडाच्या सांध्याला नको. तुकडा अर्धा मिलिमीटर सरकलेला असला तरी तसाच कायमचा बसतो. ते ठिसूळ असतं, धक्क्याला पुन्हा तुटतं, आणि लाकडात मुरल्यावर त्या जागी दुसरा गोंद धरत नाही. त्याची जागा ठरलेली आहे: नटची खाच भरणं, पॉलिशचा उडालेला टवका भरणं, एखादा उचललेला फ्रेट. तेवढंच.

फेविकॉल एसएच, म्हणजे सुतार वापरतात तो पांढरा, घरच्या बऱ्याच कामांना पुरतो. तडा, आतली पट्टी, डोकं, सगळ्याला चालतो. कमतरता एक: सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो किंचित सरकतो. ब्रिजसारख्या जागी हे जाणवतं. तिथे टाइटबाँड ओरिजिनल बरा. हा पिवळसर गोंद वाळल्यावर जास्त कडक होतो, घासता येतो आणि नंतर गरम करून उकलताही येतो. ऑनलाइन मिळतो. त्याचे पाण्याला दाद न देणारे प्रकारही मिळतात, पण गिटारला ते नकोत, कारण उकलायला ते फार त्रास देतात. फेविकॉल मरीनही याच कारणाने टाळा.

सरस हा जुना, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद. जगभरच्या वाद्यकारांचा तो आजही आवडता आहे, कारण गरम पाणी आणि वाफेने सुटतो. पण तो गरम असतानाच झटपट काम उरकावं लागतं. पहिल्या दुरुस्तीला नको.

अराल्डाइट फक्त तिथे, जिथे लाकूडच हरवलंय आणि फट भरायची आहे. प्रश्न १० पाहा.

५. कोणती हत्यारं लागतील?

तीन-चार सी-क्लॅम्प, त्यातला एक साउंडहोलमधून आत पोचेल इतका खोल घशाचा. बोथट पातळ सुरी, पॉलिश पेपर १२०, २२० आणि ४०० नंबरचे, बारीक कानस, मिलिमीटरची स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, मेणकागद, इंजेक्शनची सिरिंज, छोटा आरसा. सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून मागून आणा, तिच्या लांब पट्ट्या कापल्या की वाकड्यातिकड्या भागाला क्लॅम्पपेक्षा छान आवळतात. आत बघायला फोनचा कॅमेरा टॉर्च लावून साउंडहोलमध्ये सोडायचा आणि व्हिडिओ काढायचा.

६. पुढच्या फळीवर ब्रिजपासून खालपर्यंत सरळ तडा गेलाय. आवाज ठीक आहे. भरू की राहू दे?

भरा. आज आवाज ठीक असला तरी तडा पुढच्या उन्हाळ्यात लांब होणार.

आधी कारण शोधा. गिटार पडलेली नसताना सरळ रेषेत तडा गेला असेल तर लाकूड कोरडं पडलंय. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये, किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत हे हमखास होतं. अशा वेळी उघड्या फटीत गोंद ओतायचा नाही. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, ती डबी गिटारबरोबर केसमध्ये ठेवून केस बंद करा. आठवडाभरात लाकूड फुगतं आणि पुष्कळदा फट आपोआप मिटते. मग चिकटवायचं.

चिकटवताना टाइटबाँडमध्ये, किंवा फेविकॉलमध्ये, दोन-चार थेंब पाणी घालून तो पातळ करा. तड्यावर थेंबाथेंबाने सोडा. एक हात साउंडहोलमधून आत घाला आणि तड्याच्या एका बाजूला खालून बोटाने हलकं दाबा, सोडा, दाबा, सोडा. फट उघडझाप करते आणि गोंद आत ओढते. आतल्या बाजूला ओलसर रेघ बोटाला लागली की गोंद पार पोचला. वरचा गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, वर मेणकागद, त्यावर सपाट लाकडी ठोकळा, आणि हलका क्लॅम्प. चोवीस तास.

तडा हाताच्या बोटापेक्षा लांब असेल तर आतून ठिगळं लावा. दोन मिलिमीटर जाडीचे, साधारण दीड सेंटिमीटरचे लाकडी चौकोन, ज्यांचे रेषे तड्याला आडवे येतील. सरळ ठेवले तर ठिगळही त्याच रेषेत फाटतं. स्वस्त गिटारला आइसक्रीमच्या काडीचे तुकडे चालतात. आत क्लॅम्प पोचत नाही तिथे दोन ताकदवान लोहचुंबक, एक आत आणि एक बाहेर, मध्ये कापड. ही युक्ती फार कामाची आहे.

भर पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे हे काम शक्यतो नको. फुगलेल्या लाकडात भरलेला तडा हवा कोरडी झाली की शेजारी दुसरा तडा काढतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

७. एखादा सूर वाजवला की आतून खरखर येते, बाहेर तर सगळं घट्ट आहे.

आतली पट्टी सुटली असावी. पुढच्या फळीच्या पोटाला आधाराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १८४० च्या दशकापासून ज्या एक्स आकाराच्या मांडणीचा मार्ग धरला, तीच आजच्या बहुतेक स्टीलच्या गिटारींत सापडते. फळीवर बोटाच्या पेराने जागोजागी टकटक करा. जिथे ठणठणीत आवाजाऐवजी फाटका आवाज येईल तिथे आतून तपासा. पट्टी आणि फळीच्या मध्ये कागद सरकला तर सापडली.

कागदाच्याच टोकाने किंवा पातळ सुरीने गोंद आत भरा, सुरी आतबाहेर करून तो पसरवा, आणि क्लॅम्प लावा. क्लॅम्प पोचत नसेल तर मागच्या फळीला टेकून पट्टीपर्यंत जाईल अशी, किंचित जास्त लांबीची लवचिक बांबूची कांब आत वाकवून बसवा. मागच्या फळीखाली तेव्हा उशी नको, टेबलच हवं. कांब जेमतेम धरेल इतकाच जोर, नाहीतर फळी फुगते.

खरखर आतूनच येते हे नक्की नसेल तर आधी प्रश्न १३.

८. ब्रिज मागून उचललाय, फटीत एटीएम कार्ड जातं. काय करू?

तारा काढून ठेवा आणि आणखी उचलू देऊ नका. नुसता कागद एक-दोन मिलिमीटर आत जात असेल तर काळजी नको, पुष्कळ कारखान्यांत ब्रिजच्या कडेखाली पॉलिश तसंच राहिलेलं असतं. कार्ड जातं म्हणजे मात्र सांधा सुटला.

अर्धवट सुटलेल्या फटीत गोंद पिळून क्लॅम्प मारणं, हा सगळे करतात तो उपाय. सहा महिने टिकतो. आत जुना गोंद आणि धूळ असते, नवा गोंद लाकडापर्यंत पोचतच नाही. नीट करायचं तर ब्रिज पूर्ण काढावा लागतो.

आधी ब्रिजवर मोत्यासारखे दोन गोल ठिपके आहेत का ते बघा. स्वस्त गिटारींत त्यांच्याखाली बोल्ट लपलेले असतात. ठिपके टोकदार सुईने उचला, बोल्ट सोडवा. सॅडल (ब्रिजच्या खाचेतली, तारा टेकतात ती बारीक पट्टी) काढा. आजूबाजूच्या फळीवर पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल लावून झाका. इस्त्री मध्यम गरम करून ब्रिजवर ठेवा, मध्ये सुती कापड. काही मिनिटांनी पातळ सुरी कडेने आत घाला. ती लोण्यात जावी तशी जाणार नाही, अडेल; अडली की पुन्हा उष्णता, जोर नाही. रेषे उचकटायला लागले तर दिशा बदलून दुसऱ्या बाजूने या.

ब्रिज सुटला की दोन्हीकडचा गोंद खरवडून लाकूड उघडं करा. फळीवर पॉलिश राहिलेलं असेल तर ब्रिजच्या ठशाच्या आत, कडेपासून एक मिलिमीटर सोडून तेवढंच खरवडा. मग टाइटबाँड, पातळ आणि सगळीकडे.

आवळायला खोल क्लॅम्प नसतील तर पिनांच्या पहिल्या आणि सहाव्या भोकातून चार मिलिमीटरचे बोल्ट आणि विंग नट. ब्रिजवर एक लाकडी पट्टी ठेवायची, आत दुसरी, आणि दोन्हींतून बोल्ट घालायचे. वरच्या पट्टीचा पोटाकडचा मधला भाग किंचित खोलगट घासा, म्हणजे दाब ब्रिजच्या दोन्ही पंखांवर जातो. उचलतात ते पंखच. बोल्टला मेण चोळायला विसरू नका, नाहीतर तेही चिकटतील. चोवीस तास क्लॅम्प, आणखी दोन-तीन दिवस विश्रांती, मग तारा.

ब्रिजला वरून स्क्रू मारणारे दुकानदार आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका.

९. डोकं तुटून लोंबतंय. गिटार गेली का?

नाही. डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे मानेच्या त्या वळणावर रेषे आखूड पडतात आणि तिथेच मोडतं. सगळ्यात भीतिदायक दिसणारं हे काम पुष्कळदा सगळ्यात सोपं निघतं, कारण तुटलेला पृष्ठभाग मोठा आणि ताजा असतो.

गोंद न लावता आधी कोरडं जोडून बघा. फट केसाइतकी मिटते का? मध्ये अडणारा एखादा उलटा रेषा असेल तर चिमट्याने नीट बसवा. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वाक सरळ करणाऱ्या सळईचा) नट तिथेच उघडा पडला असेल तर त्याला व्हॅसलीन लावा, आत गोंद गेला की तो कायमचा अडकतो. आता दोन्ही बाजूंना गोंद, आतल्या कोपऱ्यांत ब्रशने. जोडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळा, आणि पुढे-मागे मेणकागद लावलेले लाकडी ठोकळे ठेवून क्लॅम्प. आवळताना तुकडा वर सरकतो, म्हणून फ्रेटबोर्डच्या बाजूने पुन्हा पुन्हा बघा. कडेने बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून काढा.

पूर्ण एक दिवस बांधून ठेवा. तारा तीन-चार दिवसांनी लावा, पहिला आठवडा एक-दोन सूर खाली. मोड आखूड आणि आडवा असेल, तुकडे गेलेले असतील, तर नुसता गोंद पुरत नाही; आतून लाकडी खिळ्या बसवाव्या लागतात. ते काम कारागिराचं.

१०. माझ्या मित्राने आधीच फेविक्विक लावलंय आणि ते पुन्हा तुटलं.

मित्र सगळ्यांनाच असतात.

फेविक्विक ॲसिटोनने विरघळतं, पण ॲसिटोन गिटारचं पॉलिशही खातं. म्हणून कापसाच्या काडीने फक्त तुटलेल्या पृष्ठभागावर, पॉलिशवर टेप लावून. फेविकॉल असेल तर कोमट व्हिनेगर लावून मऊ करा आणि जुन्या टूथब्रशने घासा. वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही, उघडं लाकूड दिसायलाच हवं. नंतर ते पूर्ण वाळू द्या.

घासल्यामुळे सांधा सैल झाला असेल तर इथे अराल्डाइट योग्य. जास्त वेळात धरणारा प्रकार घ्या, पाच मिनिटांवाला नको. पुढची कृती प्रश्न ९ प्रमाणेच.

११. बोटं सोलवटतात, तारा फार उंच आहेत. सॅडल घासून कमी करू का?

घासाल, पण आधी मोजा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल तर उंची ठीक आहे, बोटंच नवी आहेत. तीनच्या वर असेल तर प्रश्न १२ मधलं माप आधी घ्या. नेक पुढे वाकलेला असताना सॅडल घासलं तर नेक सरळ केल्यावर तारा फ्रेटवर आपटतात, आणि घासलेलं सॅडल परत वाढत नाही.

नेक ठीक असेल तर हिशेब सोपा: बाराव्या फ्रेटवर जितकं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं. अर्धा मिलिमीटर हवा असेल तर एक मिलिमीटर. सॅडल ब्रिजमधून उपसून काढा, खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारा, ओट्याच्या ग्रॅनाइटवर पॉलिश पेपर टेपने चिकटवा आणि सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा. तळ तिरका झाला तर आवाज मरतो, पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला पोचवणारं साधन) असेल तर काही तारा गप्प होतात. वरचा गोलावा बिघडवू नका. रेघेच्या थोडं अलीकडे थांबून तारा लावून बघा.

सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दोन मिलिमीटर उरलंय आणि तारा तरीही उंच, तर दोष नेकच्या कोनात आहे. खात्री करायला लांब पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे न्या. ती ब्रिजच्या माथ्यावरून जायला हवी. ब्रिजच्या अंगात अडकली तर ते काम घरचं नाही. स्वस्त गिटार असेल तर मी तिला स्लाइडसाठी (तारांवर नळी सरकवत वाजवण्यासाठी) ठेवीन. उंच तारांचं तिथे काही बिघडत नाही.

१२. ट्रस रॉड फिरवला तर नेक तुटतो म्हणतात. खरं का?

पाव फेऱ्याने तुटत नाही, जोर केल्याने तुटतो. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटला एकाच वेळी दाबा. सहाव्या-सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली झेरॉक्सचे दोन कागद जेमतेम सरकतील इतकी फट हवी. जास्त असेल तर नेक पुढे वाकलाय, रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने. फट मुळीच नसेल तर उलट दिशेने. मापाचीच ॲलन की वापरा, घसटलेली नको. घट्ट करताना तारा थोड्या उतरवा. पाव फेरा, पुन्हा सुरात लावा, दुसऱ्या दिवशी मोजा. अडला तर थांबा. हा नट साउंडहोलमध्येही नाही आणि डोक्यावरही नाही, तर तुमच्या गिटारला फिरवता येणारा रॉड नाही.

१३. तार करकरते. नेमकं कुठे बघू?

मोकळीच तार करकरते आणि दाबल्यावर थांबते: नटची खाच खोल झाली, प्रश्न १४. एकाच फ्रेटवर करकरते: त्याच्या पुढचा फ्रेट उचललाय, लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोकून बघा. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर सगळीकडे: नेक मागे गेलाय, प्रश्न १२. सगळीकडे, सगळ्या तारा: ॲक्शन फार खाली. ठराविक सूरच, कुठेही वाजवला तरी: काहीतरी सैल आहे, खुंटीचं वॉशर, तारेचं लोंबतं टोक, पिकअपची वायर, नाहीतर आतली पट्टी. आणि तारा वर्षभर जुन्या असतील तर यातलं काहीही करण्याआधी त्या बदला.

१४. नटची खाच खोल झालीय. नवा नट मिळत नाही तोवर काय?

खायचा सोडा आणि फेविक्विक. खाचेच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, चिमूटभर सोडा खाचेत दाबून भरा, वर एकच थेंब. क्षणात दगड होतो, गरम वाफ येते, तेव्हा तोंड जवळ नको आणि खिडकी उघडी ठेवा. मग त्याच जाडीच्या जुन्या वेटोळ्याच्या तारेने करवतीसारखी नवी खाच पाडा, डोक्याकडे किंचित उतार देऊन. बारीक दोन तारांना घडी घातलेला ४०० नंबरचा पेपर. ही तात्पुरती सोय आहे, पण नीट केली तर वर्षभर जाते.

१५. खुंटीचा स्क्रू नुसताच फिरतो.

टूथपिक किंवा गूल काढलेली काडेपेटीची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, वाळल्यावर बरोबरीने कापा, स्क्रू परत बसवा. खुंटीचे दातेच झिजले असतील तर अख्खी खुंटी बदला. विकत घेताना स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून जा.

१६. ब्रिजची पिन सारखी उडते. चिकटवू?

कधीच नाही. तारेला पिन धरत नाही. तारेच्या टोकाचा मणी आतल्या लाकडी पट्टीला खालून टेकतो आणि पिन त्याला फक्त जागेवर ठेवते. मणी पिनच्या टोकाखाली अडकला की पिन उडणारच. तारेचं टोक किंचित वाकवा, आत घाला, पिन सैलसर बसवा, आणि तार वर ओढत ओढत पिन दाबा. तार अडली की मणी जागेवर आला. कॅमेरा आत घालून बघा; भोकांभोवतीचं लाकूड खाऊन मणी वरपर्यंत येत असेल तर आतून शिसवीची पातळ पट्टी चिकटवून नवी भोकं पाडावी लागतात.

१७. फ्रेटबोर्ड कोरडा दिसतो. खोबरेल तेल लावू?

नको. खोबरेल काय, मोहरीचं काय, शेंगदाण्याचं काय, खायची तेलं लाकडात राहून चिकट होतात, खवट वास मारतात आणि धूळ धरतात. फ्रेटबोर्डसाठीचं लेमन ऑइल मिळतं, ते वर्षातून एक-दोनदा कापडाच्या टोकाने लावून लगेच पुसायचं. लेमन ऑइल म्हणजे लिंबाचा रस नव्हे. हे लिहावं लागतंय कारण विचारलं गेलंय. पांढऱ्या मेपलच्या पॉलिश केलेल्या फ्रेटबोर्डला काहीच लावू नका.

बहुतेक काळपट-तपकिरी फ्रेटबोर्ड शिसवीचे असतात. ब्राझीलच्या रोझवुडची आवक आटली तेव्हा १९६९ मध्ये मार्टिनसुद्धा आपल्याकडच्या शिसवीकडे वळली. हे लाकूड मुळातच तेलकट आहे, त्याला फार लाड लागत नाहीत.

१८. पावसाळ्यात गिटारला बुरशी येते आणि ॲक्शनही वाढते. काय करायचं?

दोन्हींचं कारण एकच, दमट हवा. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकण-गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५ च्या वर सहज जाते. फळी फुगून पोट वर येतं आणि तारा त्याबरोबर उचलल्या जातात. या दिवसांत सॅडल घासू नका, हिवाळ्यात फळी बसली की तारा फ्रेटला टेकतील.

बुरशी कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, मग जेमतेम ओलसर फडक्याने, आणि पंख्याखाली वाळवा. ऊन दाखवू नका. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेलं किंवा त्या भिंतीवर टांगलेलं वाद्य सगळ्यात आधी बिघडतं. केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरा, नाहीतर आठवडाभरात ती पुडी नुसती शोभेची उरते. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक हा सगळ्यात फायद्याचा खर्च.

न्यू जर्सी-टोरांटोकडच्यांचा त्रास उलटा आहे. हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की फ्रेटांची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. त्यांना प्रश्न ६ मधली साबणाची डबी.

१९. गिटारखाली पिठासारखी पूड पडते.

भुंगा. एक-दीड मिलिमीटरची गोल भोकं शोधा. गिटारखाली काळा कागद पसरून चार दिवस ठेवा. नवी पूड पडली तर कीड जिवंत आहे. लाकडावरचं कीडनाशक सिरिंजने भोकाभोकांत सोडा, शक्यतो आतल्या बाजूने, कारण त्यातलं द्रावण पॉलिश खराब करू शकतं. हातमोजे घाला. मग मोठ्या पिशवीत बंद करून काही आठवडे घरातल्या इतर लाकडापासून लांब. फ्रीजरमध्ये ठेवा असा सल्ला इंटरनेटवर फिरतो. गिटार मावेल एवढा फ्रीज कुणाकडे असेल तर अभिनंदन. बाकी ओल धरलेल्या लाकडाला आणि पॉलिशला त्या थंडीत तडे जातात.

२०. पुराच्या पाण्यात बुडालेली गिटार वाचते का?

सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलं तसं पाणी घरात शिरलं असेल, तर सलग लाकडाची वाचण्याची शक्यता प्लायपेक्षा जास्त. तारा काढा, चिखल स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसा, खुंट्या काढून पुसून तेल द्या. सावलीत, हवेशीर जागी, फळ्या कापडी पट्ट्यांनी हलक्या बांधून आठवडा-दोन आठवडे नव्हे, महिनाभर सुकू द्या. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य. नंतर कोणते सांधे सुटले ते पाहून प्रश्न ६ ते ८.

२१. नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल ना?

येईल, काही दिवस. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आत असतो, स्टीलचा जवळजवळ दुप्पट. ब्रिज उपटतो किंवा फळी वाकते. सेकंडहँड बाजारात अशी ‘छान वाजणारी’ गिटार दिसली तर ब्रिजमागे फुगवटा आहे का ते आधी बघा.

२२. मी डावखुरा आहे. तारा उलट्या लावल्या की झालं?

नाही. नटच्या खाचा जाडीप्रमाणे पाडलेल्या असतात, तो बदलावा लागतो. सॅडल तिरकं बसवलेलं असतं, जाड तारेकडे लांबी थोडी जास्त. उलट लावल्यावर वरच्या फ्रेटांवर सूर बिघडतो. नवा नट घालून भजन, कॅम्पफायर, कॉलेजचं गॅदरिंग निभेल, रेकॉर्डिंग नाही.

२३. आमच्या गावात गिटार दुरुस्त करणारं कुणी नाही. सुताराकडे देऊ?

सुताराकडून क्लॅम्प उसने आणा, काम देऊ नका. खिळा आणि भरपूर फेविकॉल ही त्याची पद्धत कपाटाला बरोबर आहे. त्यापेक्षा तंतुवाद्यांचा कारागीर बघा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्यासारख्या कारागिरांना पातळ फळ्या, हाडाचे तुकडे आणि नाजूक सांधे रोजचेच. ट्रस रॉड मात्र त्यांच्या वाद्यांत नसतो, ते काम सांगू नका.

२४. काकांची जुनी कोलकात्याची गिटार मिळालीय. तिचा ब्रिज चिकटवलेलाच नाही, हाताने सरकतो. प्रश्न ८ प्रमाणे चिकटवू?

चिकटवू नका, तो तसाच असतो. या गिटारींत तारा बुडाशी स्क्रू केलेल्या धातूच्या शेपटाला अडकवतात आणि ब्रिज तारांच्या दाबावर उभा राहतो. तारा सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज निसटतो, म्हणून तारा एकेक करून बदला आणि त्याआधी ब्रिजच्या चार कोपऱ्यांशी फळीवर टेप लावून खूण करा.

जागा चुकली असेल तर पट्टीने नव्हे, कानाने लावायची. बारीक तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर नुसतं बोट टेकवून घंटेसारखा सूर काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज शेपटाकडे, उतरा आला तर साउंडहोलकडे, एका वेळी केसभर. मग जाड तारेकडचं टोक तसंच लावा. ते बारीक तारेकडच्यापेक्षा थोडं मागे जाईल आणि ब्रिज तिरका दिसेल. तो तिरकाच बरोबर आहे.